सकाळी निघून संध्याकाळी

अरे,

आई गेली. दादाचा फोन आत्ताच आला. मी विमानतळावर चाललेय, तुझा फोन बंद लागतोय. धाकटीला पाळणाघरातून तू आण. तिचं खोकल्याचं औषध फ्रिजच्या दारात आहे.

नऊ हजार किलोमीटर म्हणजे पंधरा तासांचा प्रवास. तिथलं, भारतातलं घड्याळ आपल्या चार तास मागे असतं, म्हणून मी आईला नेहमी सांगायचे, सकाळी निघाले की संध्याकाळी तुझ्यापाशी. तिने ते खरंच धरलं. काल सकाळी मी फोनवर ‘निघतेच’ म्हणाले, पण तिकीट आजचं मिळालं. दादा म्हणतो, काल संध्याकाळी तिने दाराची कडी काढून ठेवायला लावली.

माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या, असं दादाला सांगितलंय. कडी तेवढी लावू नका म्हटलं.