गुळाचा चहा

कोल्हापूर
१२ ऑगस्ट १९५३

तीर्थस्वरूप दादास,

चिमणाचा नमस्कार. आई बरी हाय, तात्या बरं हाईत. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझं कार्ड काल मिरजेस्नं आलं.

दोनच ओळी हुत्या. "चक्रपाणी चहात गूळ कधीपास्नं घालाय लागला? हे कळल्याबिगर सोमवारच्या आपरेशनाला मी सही करणार न्हाई." तात्या मला म्हणालं, "कोण ह्यो चक्रपाणी? धरून आण त्याला हिकडं." आई रडाय लागली. मी म्हशीला वैरण घालाय गेले.

लायब्ररीतलं पुस्तक क्षयाच्या वार्डात गेलं की परत घेत न्हाईत. म्हणून दर म्हैन्याला गुप्तहेर चक्रपाणीचं नवं पुस्तक मी वहीत उतरून तुला धाडते. शाळा सुटली तरी अक्षर सुटलं न्हाई ते त्याच्यामुळंच. तू म्हणायचास, खून कुणी केला ते लोक आठ दिसांत विसरत्यात, पण चक्रपाणी दारात चपला झाडतो ते विसरत न्हाईत. हवालदार मोरू दर पुस्तकात टोपी विसरतो. विसरणार ठाऊक असतंय, तरी आई हसती. ल्हानपणी तू चक्रपाणी व्हायचास आन् मला मोरू करायचास.

दादा, म्हशीचं लिवून झालं. आता टाळता येत न्हाई.

जूनच्या पुस्तकात चक्रपाणी मेला. नदीत पडला. मोरूला काठावर चपला तेवढ्या गावल्या. लायब्ररीत लोकांनी पुस्तकं देणाऱ्या आकारामला घेरलं. तो म्हणाला, "पावणं, लेखकानं मारलाय त्याला, मी न्हवं. माझ्यावर कशाला डोळं वटारताय?" चारचौघांत माझं तोंड उघडत न्हाई, तुला ठाऊक हाय. त्या दिशी इचारलं, "फुडचं कधी येणार?" तो म्हणाला, "फुडचं न्हाई बाळ."

घरी वही उघडली. मेला असं लिवायला हातच चालंना. मग ते शेवटचं पान गाळलं आन् जुलैच्या वहीत मी त्याला पंचगंगेतनं भाईर काढला. कुडकुडत हुता म्हणून चहा दिला. आपल्या घरात साखर कुठली, हातनं गूळच पडला. जुलैची वही आन् ह्या म्हैन्याची, दोन्ही माझ्याच हाईत. चपला झाडणं आन् टोपी विसरणं, तेवढं मला येत हुतं. पण माझ्या गोष्टीतला हार कुणी चोरला ते मलाच ठाऊक न्हाई. सगळ्यांवर संशय घालून बसलेय, आता कुणालाच धरता येईना.

राग आला तर येऊ दे. सही कर. डाक्टर दुसरी तारीख देत न्हाईत म्हणं. गूळ हे निमित्त हाय दादा. बरगड्या कापणार म्हणून तू भ्यालाईस. मी पण भ्यालेय. चक्रपाणीला काढला तो कागदावर. तुला काढाय गेले तर मला पवायबी येत न्हाई.

वही संगट धाडते. शेवटची आठ पानं कोरी हाईत. चोर तूच शोध, आन् सोमवारनंतर शोध.

तुझ्या चपला हितं दारात हाईत. रोज झाडून ठेवते. मला त्या काठावरच्या चपलांगत बघवत न्हाईत. येऊन घाल.

तुझा,
हवालदार मोरू