फळीवरचा एक सेंटिमीटर

मंगळवार, ४ मार्च

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. वेळ घड्याळात बघून लिहिली आहे, म्हणजे उद्या कोणी ‘वयामुळे बाईंचा गोंधळ होतो’ म्हणायला नको.

तलावाच्या राखणदाराने माझा मासा पाण्यात सोडला. माझा! महिनाभराने गळाला लागलेला पहिला बरा मासा. नियम असा, की तीस सेंटिमीटरपेक्षा लहान मासा सोडायचा, तीस किंवा त्याहून मोठा घरी न्यायचा. दिवसाला एकच. खोपटापाशी मोजायची फळी आहे. माशाचं तोंड ठोकळ्याला टेकवायचं आणि शेपूट पट्टीवर कुठे येते ते वाचायचं. आली साडेएकोणतीसवर.

मी म्हटलं, शेपूट चिमटीत धरून मोजा. पसरलेली शेपूट आखूड भरते, चिमटीत धरली की तीस होतील. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते मी, मोजायचं कसं ते मला शिकवू नका. त्याने ऐकलं, मान डोलावली, आणि मासा सोडून दिला! मग माझा परवाना मागून त्यावर तांबडा शेरा मारला — ‘कमी मापाचा मासा ठेवण्याचा आग्रह’. आग्रह म्हणे. जेवायला बसवलं होतं का मी त्याला?

हा दुसरा शेरा. पहिला गेल्या वर्षी, सहाच्या आधी दहा मिनिटं गळ टाकला म्हणून. तिसरा बसला की परवाना गेला, कायमचा.

बुधवार, ५ मार्च

तलावाच्या समितीला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. राग अक्षरात उतरतो. शाळेत सिस्टर म्हणायच्या, रागावलेली मुलगी लिहिते तेव्हा तिचे सगळे उभे दांडे भाल्यासारखे दिसतात. आजही दिसतात.

गुरुवार, ६ मार्च

आज गळ टाकला, लक्ष नव्हतं. काठावर आम्ही नेहमीचे तिघेच. मी, निवृत्त पोस्टमन आणि दातांचा डॉक्टर. दोघांनाही विचारलं, पत्रात तुमचं नाव माझ्या बाजूने लिहू का. दोघांची दोन तोंडं.

पोस्टमनचं म्हणणं, नियम करणाऱ्यांनी कधी गळ हातात धरलाय का? पकडायचं आणि सोडायचं, तर मग घरी झोपलेलं काय वाईट? त्याला फळीच मान्य नाही. आपल्या कढईत बसतो तो मासा मोठा, एवढं त्याचं माप. (कढई त्याची लहान आहे, हे तो सांगत नाही.)

डॉक्टर उलट टोकाचा. तो एकही मासा नेत नाही. पकडतो, फोटो काढतो, ओल्या हाताने सोडतो. मी त्याला तोंडावर सांगितलं, की खायचं नसेल तर बिचाऱ्याच्या ओठाला भोक पाडू नये, हा शौक म्हणजे निव्वळ छळ. तो हसला. दात चांगले आहेत. म्हणाला, बरोबर आहे तुमचं. पण तीस सेंटिमीटर कुठून आले ते मात्र त्याने समजावलं. या जातीची मादी तिसाच्या आसपास पोचली की पहिल्यांदा अंडी घालते. त्याआधी नेली तर तिच्यामागे पाण्यात काहीच राहत नाही. म्हणून ती रेघ.

हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं गळ टाकतेय, रेघेचा अर्थ कधी विचारला नाही. आणि म्हणे वजनमापे खात्यातली! म्हणजे नियम शहाणा आहे. मोजणारा नाही. पत्रात तसंच लिहीन.

शनिवार, ८ मार्च

पाठ धरली. गेले नाही.

रविवार, ९ मार्च

वन्संना पत्र वाचून दाखवलं. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं खाणं चिमणीएवढं झालंय, पण मासा असला की ताट स्वच्छ. त्यांनी पत्र डोळे मिटून ऐकलं.

“वहिनी, अर्धा सेंटिमीटर म्हणजे केवढं हो?”

मी नखावर दाखवलं.

“एवढ्यासाठी चार पानं?”

मी म्हटलं, कापडवाले एवढंच चोरायचे. कापड मोजायच्या गजाचं टोक घासायचे, दिसायचंसुद्धा नाही, पण दर मीटरला एवढंच. एवढ्यावर बंगले उठलेत. त्या म्हणाल्या, मग राखणदाराचा बंगला बघून या एकदा.

जीभ आमच्या घराण्यात सासरकडून आली, लोक उगाच माझं नाव घेतात.

पण मुद्दा सुचला. पुराव्याशिवाय तक्रार म्हणजे कुरकुर. कपाटातून माझी पोलादी पट्टी काढली, खात्याचा शिक्का असलेली. परवा फळीच तपासते. इतकी हेकट फळी सरळ असेलच कशी!

मंगळवार, ११ मार्च

नीट लिहिते.

साडेसहाला पोचले. राखणदार एकटाच होता, खोपटापुढे झाडत होता. मी पट्टी काढली, ठोकळ्याला टेकवली, फळीवरच्या मापाला समांतर धरली.

माझ्या पट्टीवर एकोणतीस. फळीवर तीस.

पुन्हा धरली. उजेडात नेऊन धरली. मग खाली वाकून ठोकळ्यापाशी बघितलं. फळीवर चिकटवलेली फीत शून्यापासून सुरूच होत नाही. एकपासून होते! पहिला सेंटिमीटर नाहीच.

राखणदार जवळ आला. त्याने विचारलं, कमी भरतेय का बाई. मी बोटाने ठोकळ्यापाशी दाखवलं. त्याने आपणहून सांगितलं, की दोन वर्षांमागे फितीचं टोक भिजून सुटलं होतं, शेवाळ धरलं होतं. मग त्याने फाटका भाग कात्रीने नीट कापला आणि उरलेली फीत ठोकळ्याला भिडवून चिकटवली. किती स्वच्छ काम केलं, हे तो मला दाखवत होता. कडा खरंच सरळ कापलीय.

म्हणजे फळी माशाला एक सेंटिमीटर जास्त देते. माझा गेल्या मंगळवारचा मासा साडेएकोणतीस नव्हता, साडेअठ्ठावीस होता. शेपूट चिमटीत धरली असती तर एकोणतीस. भांडण जिंकले असते तरी हरलेच असते.

आणि दोन वर्षं, आठवड्यातून तीन सकाळी, त्या फळीसमोर मी उभी! दुकानदाराच्या तागडीखाली चिकटवलेलं चुंबक मी दारातून ओळखायची. चूक आपल्या पारड्यात पडत असली की नजर जाते कुठे, कोण जाणे.

बुधवार, १२ मार्च

रोजनिशीत दर माशाची लांबी लिहायची माझी खोड. आज दोन वर्षांची पानं उलटली. फळीवर तीस ते एकतीसच्या मध्ये भरलेले, म्हणून घरी आणलेले — अकरा. पुन्हा मोजले. अकराच. सगळे खरं तर तिसाच्या आतले. त्यांतल्या माद्या किती, देव जाणे. पोटात अंडी दिसली तर मी लिहीत नाही. आता वाटतं, मुद्दाम लिहीत नव्हते की काय?

गुरुवार, १३ मार्च

पोस्टमनला सांगितलं. सांगायला नको होतं. आधी खो खो हसला. मग गंभीर झाला. म्हणाला, हे तुमच्या-माझ्यात राहू दे. फळी दुरुस्त झाली तर आपल्याला महिन्यातून एकही मासा मिळायचा नाही. पाण्यात आता आहेतच कुठे तेवढे मोठे?

मी विचारलं, का नसतील बरं?

त्याने दोरी ओढून पाण्यावर तरंगणारं गळाचं बोंड सारखं केलं. त्याच्याही घरी खाणारी माणसं आहेत, तो चोर नाही. मग हळूच म्हणाला, “बाई, चूक आपण केली नाही. आपण फक्त फळीवर विश्वास ठेवला.”

खरं आहे. माझ्यासमोर उभे केलेले निम्मे दुकानदार हेच म्हणायचे — माप असंच आलं होतं, साहेब. आणि मी दंडाची पावती फाडायची.

डॉक्टरला सांगितलं नाही. त्याचा एकही मासा त्या फळीवर नाही. त्याच्यासमोर उभं राहायला नको वाटलं.

शुक्रवार, १४ मार्च

जेवताना वन्संना सगळं सांगितलं. समितीला खरं कळवलं तर तिसरा शेरा, परवाना, सगळं. मला वाटलं टोमणा येईल. त्या भात चिवडत राहिल्या.

मी म्हटलं, तुमच्या ताटातला मासा जाईल वन्सं.

“माझ्या ताटाचं राहू दे. तुम्ही सकाळी कुठे जाल?”

सहा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. हे गेले तेव्हा पहाटे जाग आली की अंथरुणात पडवत नसे, म्हणून मी पाण्याकडे जायला लागले. मासे नंतर आले.

वन्संनी माझ्या ताटात भाजी वाढली, न विचारता. म्हणाल्या, राखणदाराचं नाव मात्र नीट सांभाळून लिहा. तो बिचारा कात्री चालवताना चुकला, आपण तर डोळे उघडे ठेवून चुकलो.

‘आपण’ म्हणाल्या.

शनिवार, १५ मार्च

पत्र टाकलं. एकच पान. नक्कल इथे.

‘४ मार्चच्या माशाबद्दल माझी काही तक्रार नाही. राखणदाराने केले ते योग्य होते. फळीवरील माप एक सेंटिमीटर जास्त दाखवते. मापाची तपासणी ही समितीची जबाबदारी आहे, राखणदाराची नाही, त्याला दोष लागू नये. या फळीच्या भरवशावर मी कमी मापाचे अकरा मासे घरी नेले. तारखा सोबत जोडल्या आहेत. परवानाही सोबत आहे. तिसऱ्या शेऱ्याची जागा रिकामी आहे. तो मारणार की नाही, हे मला सोमवार, ३१ मार्च, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. तोंडी उत्तर चालणार नाही.’

दांडे सगळे सरळ आलेत.