पोटुशीचा वाटा

६ ऑक्टोबर १९९७, चोंग-केचू

पोचले एकदाची! ट्रकच्या टपावर माझी ट्रंक, ट्रकमध्ये मी आणि माझ्या पोटात हे चार महिन्यांचं. एर्कीननं गाडी इतकी हळू हाकली की खिंडीत एका गाढवानं आम्हाला मागं टाकलं. मी हसत होते आणि माझा नवरा घामाघूम. दोनदा हातचं गेलं, आता तिसऱ्यांदा नाही, असं तो रस्ताभर पुटपुटत होता. मला काय वेगळं वाटतं! पण मी जीवशास्त्राची बाई, पुटपुटून काही होत नाही हे मला ठाऊक आहे. मी आपली मनगट धरून नाडी मोजते. आज शहात्तर. गाढवाची मोजायची राहिली.

शाळेनं माझी सोय उरुमकान आपाच्या घरी केली आहे. सत्तरीची विधवा, जिभेला धार. दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, शहरात तुम्हाला जेवायला देत नाहीत का गं, हे पोट आहे की कपड्यात लपवलेलं सफरचंद? मला ती तिथंच आवडली. तिच्या गळ्याला बटाट्याएवढी गाठ आहे, रुमालानं झाकलेली. इथल्या निम्म्या बायकांना गलगंड आहे. पूर्वी सरकारी मीठ यायचं, त्यात आयोडीन असायचं. आता सगळे डोंगरातलं दगडी मीठ खातात. मी शहरातून स्वतःपुरतं आणलं आहे. ते पाहून आपा म्हणाली, आमच्या गळ्यात मोती नाहीत, निदान हे तरी असू दे.

एर्कीन दुपारीच परत गेला. काशगरच्या फेऱ्या उरकून वीस डिसेंबरला मला न्यायला येईल. बाळंतपण शहरातल्या दवाखान्यात. तोवर इथं हवा चांगली, कोळसा फुकट, आणि काळजी करायला आपा आहेच.

१४ ऑक्टोबर

आठवीला अंतःस्रावी ग्रंथी सुरू केल्या. फळ्यावर माणूस काढला, तर मुलं म्हणाली, हे तर मुख्याध्यापक! पोट जरा मोठंच झालं होतं खरं.

त्यांना म्हटलं, मेंदूखाली वाटाण्याएवढी पीयूषिका असते, ती हुकूम सोडते. गळ्यातली थायरॉइड अंगातली शेगडी कमीजास्त करते. मूत्रपिंडांवर दोन टोप्या असतात, भीती वाटली की त्या काळीज पळवतात. सगळा कारभार चिठ्ठ्यांवर चालतो. चिमूटभर संप्रेरक रक्तात सुटतं आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी असेल त्यालाच ती वाचता येते. चिठ्ठी कुणी लिहिली, हे मात्र शरीर कधी विचारत नाही.

मागच्या बाकावरची आइपेरी म्हणाली, एजे (इथं बाईंना असंच म्हणतात), म्हणजे माणूस चिडतो तेव्हा तो चिडत नाही, त्याची ग्रंथी चिडते? मी म्हटलं, हो बाई, पण मार त्यालाच बसतो. वर्ग हसून लोळला. हुशार पोरगी आहे.

नाडी अठ्ठ्याहत्तर. काल बाळानं पहिल्यांदा हालचाल केली. अगदी हलकी. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

२ नोव्हेंबर

सोगुम सुरू झालं. हिवाळ्याच्या बेगमीसाठी घरोघरी मेंढ्या पडताहेत, कुठं घोडाही. ज्याचा जो मान तो वाटा. डोकं म्हाताऱ्यांना, मांडी पाहुण्यांना. आणि माझ्यासाठी आपा वेगळीच वाटी घेऊन आली. पोटुशीचा वाटा! घरात पहिलं जनावर पडलं की तो गावातल्या पोटुशीकडं जातो. यंदा अख्ख्या गावात पोटुशी मी एकटीच.

तांबूस, मऊ, कलेजीसारखं काहीतरी होतं. काय आहे म्हणून विचारलं तर आपानं हातावर चापट मारली. विचारून खाल्लं तर लागू पडत नाही म्हणे. ज्या बाईला हा वाटा मिळत नाही तिचं मूल मुकं जन्मतं. गिरणीवरचा काराबाय तसाच मुका, कारण त्याच्या आईच्या वेळी दुष्काळ होता, जनावरं पडलीच नाहीत. मी मनात म्हटलं, बरं बाई, खाते. चवीला वाईट नव्हतं.

१० नोव्हेंबर

सोळा घरं झाली. रोज दोनतीन वाट्या. बायका स्वतः घेऊन येतात, मी संपवेपर्यंत समोर बसतात आणि रिकामी वाटी पोटाशी धरून जातात. इतकं प्रेम मला सासरीही कुणी केलं नव्हतं, खरंच.

अंगात भलताच उत्साह आहे. पहाटे उठून वह्या तपासल्या, जमीन पुसली, आपाचं कपाट आवरलं, म्हणून तिच्या शिव्या खाल्ल्या. बाहेर बर्फ आणि मी खिडकी उघडी टाकून बसते. आपा म्हणते, पोटात मूल आहे की तंदूर? नाडी ब्याण्णव. गरोदरपणी थोडी वाढतेच.

१७ नोव्हेंबर

झोप नाही. फळ्यावर लिहिताना हात इतका थरथरला की खडू दोनदा मोडला. मुख्याध्यापकांनी हजेरीपत्रक मागितलं, एवढ्यावरून मी त्यांच्या अंगावर ओरडले आणि मग त्यांच्यासमोरच रडले. बिचारे स्वतःचा रुमाल देऊन पळाले.

पोट वाढतं आहे, पण हातपाय काटक्यांसारखे झाले आहेत. खाते तर बैलासारखी. अंगठी बोटातून गळून पडली. नाडी एकशे आठ, तीही बसून.

आज वाटी आणणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांकडं टक लावून बघत होत्या. मग एकीनं हळूच विचारलं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं का? अल्बारस्ती! पिवळ्या केसांची बाई, पोटुशीच्या छातीवर बसते आणि काळीज उपटून नदीवर धुवायला नेते. मी म्हटलं, आली तर तिलाही एक वाटी द्या.

२१ नोव्हेंबर

भिंतीत काहीतरी ठोकतं. दिवसाउजेडी. मी भिंतीला कान लावला. मग पलंगाला. मग उशीला. माझंच काळीज होतं. सगळ्या घरात तेच ऐकू येतं.

आपाला विचारलं, माझ्या आधी या खोलीत कोण राहायचं. साल्कीन, तिची सून. ओशची मुलगी, शहरातली. चार वर्षांपूर्वी याच महिन्यात गेली, पोटातल्यासकट. अशीच वाळली, असेच डोळे बाहेर आले, अशीच खिडक्या उघडायची. आपा माझे हात चोळत म्हणाली, ती खाईना गं शेवटी. तू खातेस ना? तू खा.

मी खाल्लं. मला भीती वाटते आहे. कसली ते सांगता येत नाही, आणि तेच वाईट आहे.

२५ नोव्हेंबर

लिहिते. हात थांबत नाही तरी लिहिते.

आठवड्यापूर्वी वर्गाला सांगितलं होतं, सोगुम चालू आहे, कुणीतरी मेंढीची थायरॉइड आणा, कापून दाखवीन. आज कुणीच आणली नव्हती. मी चिडले. तेव्हा आइपेरी उठून म्हणाली, एजे, गावात एकही नरडं उरत नाही. नरड्यातला गोळा सगळा तुमच्याचकडं येतो ना. पोटुशीचा वाटा तोच असतो.

मी फळ्याकडं वळले. तिथं माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं तर. नाडी जलद. घाम. थरथर. वजन घटतं. झोप उडते. डोळे मोठे दिसतात. उगाच भीती वाटते.

एका मेंढीची ती दोन पाळ्यांची ग्रंथी, घोड्याची तर केवढी तरी. तेवीस घरं. शिजवल्यानं त्यातलं संप्रेरक मरत नाही. माझ्या रक्तात माझी चिठ्ठी एकही नाही, सगळ्या मेंढ्यांच्या आहेत. आणि माझं शरीर मुकाट्यानं हुकूम पाळतं आहे.

मी मूर्ख! रोज वाटी चाटूनपुसून खाणारी मूर्ख बाई! जीवशास्त्राची!

२६ नोव्हेंबर

आपाला सगळं सांगितलं. समजुतीनं सांगितलं, म्हटलं रीत खोटी नाही. तुमच्या ग्रंथी उपाशी आहेत, इथल्या बाईला एखादी वाटी मिळाली तर तिचं मूल खरंच वाचतं. पण मी शहरातली, माझी ग्रंथी भरलेली आहे. साल्कीनचीही तशीच होती. तिला अल्बारस्तीनं नेलं नाही, वाट्यांनी नेलं.

हे मी बोलायला नको होतं. आपाचं तोंड असं झालं की मला बघवेना. म्हणाली, साल्कीनपण हेच बडबडायची, वाटी भिंतीवर फेकायची. वाटी सोडली आणि पाचव्या दिवशी गेली. म्हणजे मीच मारली म्हणतेस? मी?

नाडी एकशे सोळा. वाटी बंद. मुख्याध्यापकांनी खिंडीपलीकडच्या डॉक्टरीणबाईंना रेडिओवर निरोप दिला आहे. खिंड बर्फानं बंद आहे.

२९ नोव्हेंबर

वाटी बंद करून तीन दिवस झाले. खाल्लेलं लगेच उतरत नाही, आठवडे रक्तात राहतं. साल्कीन पाचव्या दिवशी गेली ती म्हणूनच. पण मला आधी कळलं आहे. मी वाचेन. बाळ वाचेल.

फक्त पाव, चहा आणि तालकान. आपानं माफी मागितली. स्वतः जव भाजून, दळून, तुपात कालवून तालकान देते. केसांवरून हात फिरवते. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

१ डिसेंबर

एकशे चोवीस. उतरायला हवी होती. का चढली?

बाळ फार हलतं. थांबतच नाही. त्यालाही झोप नाही —

३ डिसेंबर

एकशे छत्तीस. ठोका मध्येच चुकतो. एक, दोन, काही नाही, मग तीन एकदम.

उठले की पाय दुमडतात. शाळा बंद. खिंड बंद. आइपेरी खिडकीशी आली, आपानं तिला हाकललं. एजेला विश्रांती हवी म्हणे.

वीस तारखेला एर्कीन येईल. सतरा दिवस. सतरा —

४ डिसेंबर, दुपार

आपा पाणी आणायला गेली म्हणून कोठीत गेले, भिंत धरधरून. जव हवे होते, माझं मी भाजून खाईन म्हणून.

दोरीवर ओळीनं गोळे वाळत घातले आहेत. तपकिरी, सुकलेले, जर्दाळूंसारखे. खाली जातं. जात्यात जव आणि —

तालकान. तालकानमध्ये.

दोरी अर्धी रिकामी होती.

५ डिसेंबर

काही खात नाही. आतून कडी लावली आहे. खिडकीतला बर्फ चोखते.

आपा दाराबाहेर बसून रडते. म्हणते, तू माझी पोर आहेस, एकदा चुकले, साल्कीन खायचं नाही म्हणाली म्हणून ऐकलं आणि तिला घालवून बसले. आता नाही ऐकायची.

एर्कीन, हे तुला मिळालं तर — आपाला मारू नकोस. तिला खरंच वाटतं —

सकाळपासून बाळ हललं नाही. हललं. नाही, ते माझंच काळीज होतं.

६ डिसेंबर

एकशे बावन्न. मग मोजता आलं नाही.

बाळ हललं! आत्ता. हळू. पहिल्यासारखं, हलकं. जिवंत आहे. अजून दोन आठवडे काही पोटात गेलं नाही तर दोघं — नुसता पाव मिळाला तरी —

बाहेर पावलं. बायका. सगळ्या घरांच्या. सगळ्यांच्या हातात वाटी. रडताहेत बिचाऱ्या. कडी उखडली. आपा त्यांना सांगते आहे, नीट धरा गं, दोन्ही हात धरा, पण हळू, पोटाला धक्का —