एक नोंद वगळली

मंगळवार, ४
काल लिहिलं ते दुरुस्त करते: खिडकीजवळचं टेबल माझं नाही, शेजारी काम करणाऱ्या बडबड्याचं आहे. माझं भिंतीकडचं. नव्या नोकरीच्या आनंदात चुकले. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारली. शाळेआधी आत्याने मला घरीच गणित शिकवलं. चुकलं तरी खालचं दिसलं पाहिजे, हा तिचा दंडक.

काम आवडलं. शहरातल्या घराघरांतून गोळा केलेली माहिती मी संगणकावर तपासते. प्रोग्राम चालवला की पडद्यावर जे जे उमटतं, ते लॉग फाइलमध्ये जतन होतं. मोठ्या बाईंचा नियम एकच: रोजचा लॉग जुन्यावरच लिहायचा. शिळं पानात वाढायचं नाही, म्हणाल्या. बडबड्या म्हणाला, खिडकी माझी, वारा तुझा, भांडायचं नाही.

गुरुवार, ६
राहवलं नाही. जुना लॉग पुसणं म्हणजे रीत न दाखवता उत्तर लिहिणं. प्रोग्राममधला एक शब्द बदलला. आता नवा लॉग जुन्याच्या खाली जोडला जातो. बाईंना सांगितलं नाही.

सोमवार, १०
खिडकीतून छान वारा येतो. मंगळवारी ती दुरुस्ती कशाला केली कोण जाणे. हे टेबल पहिल्यापासून माझंच. बाईही तेच म्हणाल्या.
पण मग बडबड्या कोण? अक्षर तर माझंच आहे.

मंगळवार, ११
चहावाला म्हणाला, ताई, एकट्या तर बसता, रोज दोन कप कशाला सांगता?
लॉग वाचला. शुक्रवारी: एक नोंद अपूर्ण, वगळली. खाली त्या माणसाचा पत्ता. नोकरी: याच कार्यालयात.

बुधवार, १२
आमचं घरही या माहितीत आहे. कालच्या लॉगमध्ये माणसं पाच. आज: एक नोंद अपूर्ण, वगळली. माणसं चार.
घरी येऊन मोजली. आई, बाबा, धाकटी बहीण चिमणी, मी. चारच. बरोबर आहे.
मग कपाटावरचा जाड चष्मा कोणाचा? आई म्हणाली, असेल कुणाचा तरी, डोकं नको खाऊस.

गुरुवार, १३
रोजनिशीचं पहिलं पान वाचलं. आत्या.
बाबांना विचारलं. म्हणाले, मी एकुलता एक, तुला आत्या कुठून येणार? बोलताना डोळे पुसत होते. का, ते त्यांनाच कळेना.
मग मला गणित कोणी—
आणि प्रोग्रामला आज्ञा देणारी मीच. रोज. माझ्याच हाताने.
कालच्या लॉगच्या तळाशी: चिमणीची जन्मतारीख रिकामी, पुढच्या वेळी वगळणार. ती भरलेली होती. मी पाहिली होती.
आज प्रोग्राम चालवला नाही. डोकं दुखतं म्हटलं.

शुक्रवार, १४
बाईंना कळलं. रागावल्या नाहीत. तो शब्द परत बदलला, माझा लॉग पुसला. सोमवारी मीच चालवीन, म्हणाल्या, तू आराम कर, बाळ.
उरलं ते एवढंच, कागदावरचं. यावरून नोंदी पुन्हा भरीन. आत्या— चष्मा— एक रेघ— बडबड्या, खिडकी— चिमणीची तारीख मला पाठ आहे, ती—
पाठ होती.
आईच्या ट्रंकेत तिचा जन्मदाखला असेल. घरी आम्ही तिघं— नाही. रेघ मारते. चौघं. पाच.
सोमवारी, १७ तारखेला, बाई येण्याआधी मी