बाबलीची केळी आणि पांडुदादाची लेन्स

पेडणे,
शुक्रवार

तीर्थस्वरूप पांडुदादास,

पेडण्याहून कृष्णनाथचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. तुझी लेन्स गळ्यात अडकवली की माणसाला वेगळं वाकावं लागत नाही.) तुझी कंबर आता कशी आहे? वास्कोच्या बंदरातली धूळ अजून खोकला देते का? विनोदिनीवहिनींना नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेल्या दोसाच्या वड्या आईला इतक्या आवडल्या की पाहुण्यांना एकच वाढून डबा फडताळात गेला. आईने तुमच्यासाठी कोकमाची सोलं सुकवून ठेवली आहेत. इकडे बाकी सगळं ठीक आहे. माझं लग्न मोडल्याची बातमी तुझ्यापर्यंत आली असेल, तर ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी मी देतो. डिचोलीच्या रघुनाथबाबांच्या देवकीचं स्थळ तूच मध्ये पडून जुळवलंस, त्यामुळे तुझा शब्द खाली पडू नये ही काळजी मला आहेच. शिवाय, आता लाजून काय उपयोग, ती मुलगी मला मनापासून हवी आहे. तेव्हा पत्र शेवटपर्यंत वाच आणि मधेच वहिनींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

सुरुवात लेन्सपासून करतो, कारण सगळं तिच्यापासूनच झालं. तू ती बोटीवरून उतरताना आणलीस आणि चवथीला माझ्या हातात देऊन म्हणालास, वापरून बघ. ऐंशी ते दोनशेची झूम, आणि कुठल्याही टप्प्यावर अपर्चर (उजेड आत घेणारं भोक) दोन पॉइंट आठपर्यंत उघडतं, म्हणजे बाजारातल्या ताडपत्रीखाली संध्याकाळचा उरलासुरला उजेडही हिला पुरतो. आमच्या इथले फोटोवाले म्हणतात, असली लेन्स क्रिकेटला, पक्ष्यांना आणि मंत्र्यांना. रस्त्यावरच्या साध्या माणसांसाठी लहान लेन्स घ्यावी आणि जवळ जावं. मला हे साफ नामंजूर आहे. जवळ गेलं की माणूस केसांवरून हात फिरवतो, पोट आत घेतो, आणि लग्नात आहेर देतानाचं तोंड करतो. त्याचं खरं तोंड हवं असेल तर लांब उभं राहायला हवं. शाळेत मी चित्रकला शिकवतो, मला तोंडातलं थोडंफार कळतं.

पहिला प्रयोग चोपड्याच्या धक्क्यावर केला. शिवोलीहून फेरीबोट निघाली की तिच्यातली माणसं मला अगदी समोर बसल्यासारखी दिसायची: स्कूटरला टेकून जांभया देणारा पोस्टमन, पाटीवर हात ठेवून डुलक्या काढणारी मासेवाली. त्यांना पत्ताही नव्हता. पण धक्क्यावरच्या लोकांनी एवढं लांब नळकांडं पाहून मला पुलाची मोजणी करायला आलेला सरकारी माणूस ठरवलं. एका म्हातारीने माझा दंडच धरला. "पूल बांदात, पूण म्हज्या माडांवयल्यान न्हय!" मी नुसते फोटो काढतो असं सांगितलं, तर "हय, हय, आदीं फोटोच काडटात" म्हणत तिने मला शहाळं फोडून दिलं. मी ते प्यालो. (उद्या पूल तिच्या माडांना चुकवून गेला तर त्यात माझा हात नाही, हे लक्षात ठेव.)

मग मोरजीला गेलो. तिथे सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा फोटो काढला, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून. काय फोटो आला म्हणून सांगू! पोदेराच्या मिशीचा केस न् केस दिसतोय आणि मागचं सगळं गाव लोण्यासारखं वितळलंय. कौतुकाने त्याला एक प्रत नेऊन दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "म्हजें घर खंय गेलें?" वितळलेल्या गावात त्याचं घर होतं आणि त्याने ते नुकतंच रंगवून घेतलं होतं. त्या दिवसापासून तो आमच्या गल्लीत येऊन भोंपू वाजवतो, पण आमच्या घरासमोर आला की भोंपू बंद. मला वाईट वाटलं. म्हणून मी नियम केला की दुपारच्या उन्हात अपर्चर अकरावर नेऊन भोक बारीक करायचं, म्हणजे मागच्या लोकांची घरंदारं शाबूत राहतात. हा माझा चांगुलपणा, दादा, आणि तोच मला नडला.

डिचोलीला बुधवारचा बाजार होता. मी एका टोकाला, हॉटेलाच्या पायरीवर. बाजाराच्या मध्यावर रघुनाथबाब भेंड्या निवडत होते आणि भेंडीवालीच्या कुठल्याशा बोलण्यावर खो खो हसून हात पुढे करत होते. त्यांच्या खूप मागे, मधे मिरचीवाल्यांची अख्खी रांग आणि मडक्यांचे ढीग सोडून, बाबली केळ्यांचा घड उचलून भाव विचारत होता. हा बाबली कोण ते तुला ठाऊकच आहे. देवळातल्या पालखीला पहिला खांदा कुणाच्या घराचा, यावरून त्याचं आणि रघुनाथबाबांचं घर कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाही. एकाने ज्या कोळणीकडून बांगडे घेतले तिच्याकडून दुसरा सुंगटही घेत नाही. आता लांब लेन्सची खोड अशी की ती मागचं माणूस ओढून पुढच्याच्या खांद्याशी आणते. बाबली मुळातच दांडगा, त्यामुळे एवढा मागे असूनही रघुनाथबाबांच्याच उंचीचा दिसला. फोटोत काय आलं? बाबली प्रेमाने केळ्यांचा घड देतोय आणि रघुनाथबाब आनंदाने हात पसरून घेतायत. दोन पॉइंट आठवर असतो तर बाबली केळ्यांसकट विरघळून गेला असता. पण मी होतो अकरावर, पोदेराच्या घरापायी.

मला फोटोत फक्त उजेड दिसला. उजेड फारच सुंदर होता, म्हणून मी तो एका दैनिकाच्या रविवार पुरवणीला पाठवला. त्यांनी तो अर्धं पान भरून छापला आणि खाली लिहिलं: "देण्याघेण्यातला गोडवा".

सोमवारी सकाळी रघुनाथबाबांच्या बाल्कांवात, ओसरीच्या बाकांवर, त्यांच्या घरची सगळी जाणती मंडळी पेपर घेऊन बसली होती. पालखीचा मान केळ्यांवर सोडून दिलास काय, असं त्यांना विचारण्यात आलं. बाबलीच्या घरी त्याच वेळी त्याला विचारत होते की तू आधी हात पुढे का केलास. रघुनाथबाबांनी देव्हाऱ्याकडे हात करून सांगितलं, "हांव त्या बाबलेच्या बाजूक उबो? ह्या जल्मांत ना!" पण पेपरात स्पष्ट दिसत होतं. शेवटी दुपारी त्यांचा निरोप आला. ज्या जावयाने पेपरातून सासऱ्याची अब्रू काढली त्याला मुलगी नाही. नाहीतर त्याने दोन्ही घरांसमोर आपलं यंत्र खोटं आहे हे सिद्ध करावं.

इतर कुणी असता तर खचला असता. मी तिपाई घेऊन पुढच्या बुधवारी डिचोलीला हजर. तीच पायरी, तेच ऊन, तीच केळीवाली. दोन्ही घरची मंडळी माझ्या डाव्या-उजव्या बाजूला, मधे माणसाएवढी फट सोडून. आता फक्त दोघांनी आपापल्या जागी उभं राहायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं. आधी कोण उभं राहणार? जो आधी उभा राहील तो दुसऱ्यासाठी थांबला असा अर्थ होतो. त्यावर इतका वेळ वाद चालला की भेंडीवालीने भेंड्या विकून संपवल्या आणि आवरायला घेतलं. अखेर हॉटेलवाल्याने ग्लासावर चमचा वाजवायचा आणि दोघांनी त्याच क्षणी पाऊल टाकायचं असं ठरलं. चमचा वाजला, दोघे उभे राहिले. एकेक जाणता माणूस येऊन कॅमेऱ्यात डोळा घालायचा, शेजारी-शेजारी उभे असलेले दोघे पाहून दचकायचा, डोळा काढून मधली मिरच्यांची रांग पाहायचा, पुन्हा डोळा घालायचा.

पण रघुनाथबाबांना स्वतः बघायचं होतं. तर त्यांच्या जागी कुणीतरी हवं. भावाला उभं करायला ते तयार नव्हते, कारण मानाची जागा एकदा दिली की परत मिळत नाही. तेव्हा छत्री घेऊन आलेली देवकी बापाच्या जागी उभी राहिली. रघुनाथबाबांनी डोळा लावला आणि ओरडले, "आरे, बाबलो म्हज्या चलयेक केळीं दिता!" डोळा काढला तर बाबली पार तिकडे. असं त्यांनी किती वेळा केलं ते मोजायचं मी सोडून दिलं. मग बाबलीनेही येऊन पाहिलं. आणि दादा, कित्येक वर्षांनी त्या दोन घरांचं एका गोष्टीवर एकमत झालं. रघुनाथबाब म्हणाले, "यंत्र निर्लज्ज आसा, चलो बरो आसा." (चलो म्हणजे मुलगा, म्हणजे मी.) बाबलीने रघुनाथबाबांकडे न बघता मान हलवली.

तर लग्न जुळलेलं आहे. तुझा शब्द राहिला, आणि रस्त्यावर लांब लेन्सच हवी हे माझं मतही राहिलं, कारण लहान लेन्स असती तर एवढं सिद्ध करायला जमलंच नसतं. तेव्हा ही लेन्स आणखी वर्षभर माझ्याकडेच असावी अशी विनंती आहे. तिला मी तुझ्यापेक्षा जास्त पुसतो. आईचे आणि माझे आशीर्वाद-नमस्कार ज्याला जे लागू पडतील ते वाटून घ्या.

तुझा आज्ञेतला आणि आता जवळजवळ घोड्यावर बसलेला,
कृष्णनाथ

ता. क. वर लिहिलं की मला फोटोत फक्त उजेड दिसला. तसं नाही. त्या दिवशी रघुनाथबाबांच्या पलीकडे देवकी छत्री घेऊन उभी होती आणि ती तोंड कधी वळवते याची मी वाट बघत होतो. सासरे मधे आले.

आणखी एक ता. क. लग्न जुळलंय हे रघुनाथबाबांच्या बाजूने. परवा मी तिपाई आवरत असताना देवकी स्वतः माझ्याजवळ आली, म्हणजे अगदी हाताच्या अंतरावर. म्हणाली, "तुमका म्हज्याकडेन लगीन करपाक जाय, काय घरच्यांनी सांगलां म्हणून?" दादा, एवढ्या जवळून तिला मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "जरा डावीकडे सरका." ती सरकली. थांबली. मी तिपाईचा स्क्रू पिळत राहिलो. मग म्हणाली, "फुडल्या बुधवारा माका जाप जाय," आणि उत्तरासाठी एवढी मुदत देऊन छत्री उघडून गेली.

शेवटचं. वरची विनंती रद्द समज. बुधवारच्या आधी इकडे ये आणि लेन्स घेऊन जा. तू माझ्या वतीने बोलायला ये, असं आधी लिहिणार होतो, पण ते नको. तिला मीच सांगणार आहे की मला तीच हवी. पण लेन्स घरात राहिली तर मी पुन्हा लांबूनच हो म्हणेन, आणि ते तिला ऐकू जायचं नाही.