एकोणपन्नासावी इमारत

त्सुकुबा,
१७ नोव्हेंबर २०१३

तीर्थस्वरूप चंद्रहासमामा यांना तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा वाकून नमस्कार (इथे दिवसातून चाळीस वेळा वाकावं लागतं, पण हा मनापासून).

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून मामी तुमचा हात धरते, की तुम्ही तिचा धरता असं लोकांना सांगता? आम्ही सगळे ठीक. अक्षयाताई आणि भावजी मजेत. मी सकाळी भाषेच्या शाळेत जातो, दुपारी एका संशोधन संस्थेत अरुबाइतो करतो, म्हणजे तासांवरचं काम, आणि कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा हे मला आता ताईपेक्षा जास्त कळतं. पण पत्राचं कारण वेगळं आहे. मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, हा आयुष्यात काही उभं करायचा नाही. त्यांना सांगा, त्यांच्या मुलाने एक तक्ता उभा केला आणि तेरा जपानी माणसांनी टाळ्या वाजवल्या.

झालं असं की २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर आमच्या संस्थेने अठ्ठेचाळीस इमारतींत यंत्रं बसवली, प्रत्येकीत दोन: एक तळमजल्यावर, एक गच्चीवर. जमीन जरा हलली की दोन्हीकडून आकडे येतात, आणि खाली एवढं हललं तर वर किती हलतं ते त्या जोडीवरून कळतं. हे संशोधन विभाचं. विभा सांगलीची, इथे पीएच.डी. करते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी (बाकीची मराठी मुलं तिला विभाताई म्हणतात, आपण म्हणायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं). तिने मला तक्ता दिला. एका धक्क्याची एक ओळ, असे एकतीस धक्के, आणि प्रत्येक ओळीत आडवे शहाण्णव रकाने: १-खाली, १-वर, २-खाली, २-वर, असं पार क्षितिजापर्यंत. दर इमारतीचा एक आलेख काढायचा होता. मी पहिल्या आलेखासाठी संगणकाला द्यायचा हुकूम लिहिला, तो सत्तेचाळीस वेळा खाली उतरवला आणि प्रत्येक ठिकाणी आकडे हाताने बदलले. नऊ दिवस लागले. त्यात सतराव्या इमारतीचा तळमजला अठराव्या इमारतीच्या गच्चीला जोडला गेला. सतरावी चौदा मजली आणि अठरावी म्हणजे एक बैठा दवाखाना, त्यामुळे चौदा मजल्यांची इमारत भूकंपात ढिम्म हलत नाही असा शोध लागला.

विभा म्हणाली, "सौमित्र, तीच गोष्ट अठ्ठेचाळीस वेळा लिहिण्याला मेहनत म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात. शुक्रवारी मला हे सेन्सेईंपुढे (म्हणजे तिच्या प्राध्यापकांपुढे) मांडायचंय. यात चूक निघाली तर माझं वर्ष जाईल, तुझं नाही." माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. मी तडक उठलो आणि दार आपटायला गेलो, पण इथली दारं सरकती, ती आपोआप हळूच बंद होतात आणि राग आतच राहतो. तो घेऊन सायकलवर दोन तास हिंडलो आणि त्या रागातच मला सुचलं.

तक्ता आडवा कशाला, उभा का नाही? एका ओळीत चारच गोष्टी: धक्क्याचा क्रमांक, इमारतीचा क्रमांक, खालचा आकडा, वरचा आकडा. रकाने शहाण्णवचे चार होतात, ओळी मात्र वाढतात. मग संगणकाला एकच हुकूम द्यायचा की इमारतीप्रमाणे वाटण्या कर आणि प्रत्येकीची चौकट वेगळी काढ. नऊ दिवसांचं काम नऊ सेकंदांत झालं. चौकटी कशा बसल्या म्हणाल, तर सात ओळींत सात-सात, तंतोतंत चौरस. मी त्या चौरसाकडे इतका वेळ कौतुकाने बघत बसलो की सात साते किती हे डोक्यातच आलं नाही (ओळीही चौदाशे अठ्ठ्याऐंशी हव्या होत्या, आल्या पंधराशे एकोणीस, पण अभिमानाला पाढे येत नाहीत).

आता एक आतली गोष्ट, मामीला सांगू नका. आडव्या तक्त्याच्या पार उजवीकडे कोणी जात नाही, म्हणून तिथे मी माझे दोन रकाने ठेवले होते. ४९-खाली म्हणजे विभा बारानंतर किती मिनिटांनी उपाहारगृहात येते, आणि ४९-वर म्हणजे मी कधी येतो. एकतीस दिवसांची नोंद. हाताने आलेख काढत होतो तोवर ती सुखरूप होती. नवा हुकूम भेदभाव करत नाही, त्याने दिसेल ती जोडी काढली.

शुक्रवारी विभाने पडद्यावर चौकटी लावल्या. सगळ्यांत ठिपके विखुरलेले, शेवटच्या चौकटीत मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ (मी उपाहारगृहाबाहेरच्या कॉफीच्या यंत्राच्या आडोशाला उभा राहायचो आणि बरोबर दोन मिनिटांनी आत शिरायचो). कुरोदा-सेन्सेई उठून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, इतकी शिस्तीची इमारत मी आयुष्यात पाहिली नाही. मग टाळ्या. मामा, या घराण्यात असं कौतुक दुसऱ्या कोणाचं झालेलं मला आठवत नाही.

तुमचा आज्ञाधारक (आता खरंच),
सौमित्र

ता. क. सेन्सेईंनी ही इमारत कुठली असं विचारलं, तेव्हा विभाने चौकट नीट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "ती चुकून आली, सेन्सेई. तिचं बांधकाम अर्धवट सोडलंय. पूर्ण झालं तर मोजू." तिने "नाही" म्हटलेलं नाही, हे तुम्ही लक्षात घ्या.

ता. क. २. तेव्हा कृपा करून सोमवारी कॉलेजात जा आणि तिसऱ्या वर्षाला पुन्हा प्रवेश मिळतो का ते जगदीशसरांना विचारा. हो, तेच, ज्यांच्यासमोर मी माझं जर्नल प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये फेकलं होतं.

ता. क. ३. ते जर्नल सरांनी चार वेळा परत केलं होतं, कारण मी सगळी रीडिंगं एकाच ओळीत आडवी लिहायचो, आणि ते म्हणायचे, एका ओळीत एकच नोंद लिही. हे त्यांना आठवलं तर तुम्ही विषय बदला.