दिवसा दिवे लावणारी गाडी

चेन्नई, फेब्रुवारी २००६

तीर्थरूप वसंतकाका यांस,

क्षितिजचा नमस्कार, आणि या वेळचा खरोखर वाकून घातलेला आहे. तुमची कंबर कशी आहे? काकूंचा खोकला थांबला का? रुचाचा बारावीचा अभ्यास जोरात असेल. कॉलेज मधेच सोडण्याबद्दल पुढे कधी सल्ला लागला तर मी मोकळाच आहे, असं तिला सांगा. आम्ही ठीक. बाबा फॅक्टरीच्या कामाने जबलपूरला गेलेत, शुक्रवारी परत येतील. (हा शुक्रवार लक्षात ठेवा.)

आमच्या वरच्या मजल्यावर नारायणस्वामी राव राहतात. तंजावरचे मराठी, बँकेतून निवृत्त. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं ते तसंच राहिलंय, वर थोडं तमिळ शिंपडलेलं. त्यांना एक मुलगी आहे, चंद्रिका. (इथे पेन ठेवून मी गॅलरीत दोन फेऱ्या मारून आलो.) तिला पुढच्या रविवारी ओरगडमच्या मोटार कारखान्यातला एक इंजिनिअर बघायला येणार आहे. इंजिनिअर, म्हणजे कॉलेज पूर्ण केलेला. ती मला जिन्यात म्हणाली, "नुसतं नको म्हटलं तर अप्पा चिडतील. पण त्यांच्या आईचं पाळण्याचं गाणं ऐकलं की मेणासारखे होतात. तेव्हा सांगेन." समोर बसून गायला लागली की तिला रडू येतं, म्हणून मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर गाऊन तिने ते सीडीवर घेतलं. पण घरी टीव्ही कधी बंद होत नाही. अप्पा अडकून बसतील अशी जागा एकच, गाडी. गेल्या रविवारी त्यांना चेन्नईजवळच्या कोवलमला (केरळातलं नव्हे) मित्राच्या गृहप्रवेशाला मीच नेणार होतो. आणि आमच्या गाडीत कंपनीने दिलेला कॅसेटवाला टेप.

गेल्या शुक्रवारी सकाळी माउंट रोडच्या मागे एका दुकानात जुना टेप काढून दिला आणि सीडीवाला सेट घेतला. तो बसवणारा म्हणाला, आता राहुकाळ, दीड तास कशाला हात लावणार नाही, आणि कॉफी घेऊन बसला. (इथली माणसं राहुकाळात श्वास घेतात तोही नाइलाज म्हणून.) तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. लॅबच्या सरांपुढे जर्नल आपटून कॉलेज सोडणारा जो स्वभाव, त्यानेच खोकं उचललं, गाडी गल्लीत लावली आणि सेट स्वतः बसवायला घेतला. इलेक्ट्रॉनिक्सची तीन सेमिस्टर मी केली आहेत. वायरी बहुधा चौथ्यात असाव्यात. सेटची जी वायर किल्लीच्या वायरीला जोडायची, ती मी दिव्यांच्या वायरीला जोडली. संध्याकाळी फेरी मारून पाहिली तर झकास वाजला. वाजणारच, दिवे लागलेले होते.

रविवारी दहा वाजता, लख्ख उन्हात, अप्पा माझ्या शेजारी, चंद्रिका आणि मामी, म्हणजे तिची आई, मागे. सीडी घातली. शांतता. घाबरून दिसेल ते बटण दाबत सुटलो, त्यात दिव्यांचं दाबलं गेलं आणि चंद्रिका गायला लागली. काका, काय गाते ती. तेवढ्यात समोरचा स्कूटरवाला हाताची मूठ उघडमीट करत गेला. भर दिवसा कुणाचे दिवे जळताना दिसले की मूठ उघडमीट करून सांगायचं, हे इथलं सार्वजनिक पुण्य आहे आणि त्या रस्त्यावर सगळ्यांना ते हवं होतं.

"काय रे पा, दिवसा दिवा लाविलास? ब्याटरी जाईल. बंद कर," अप्पा म्हणाले. दिवा बंद, गाणं बंद. वळणावर मी हळूच पुन्हा लावला. गाणं पुन्हा पहिल्यापासून. मग मासळीच्या टोपल्या नेणारा एक मोपेडवाला. मग बसचा कंडक्टर, अर्धं अंग खिडकीबाहेर काढून. "कॉलेज सोडलास ते सोडलास, कानही तेथेंच ठेवून आलास काय?" अप्पा म्हणाले. मागून चंद्रिका आरशात माझ्याकडे जे बघत होती, त्यापेक्षा कंडक्टर बरा. कोवलम आलं तरी पाळणा पहिल्या कडव्यापुढे हलला नाही. घरी उतरताना अप्पा म्हणाले, "दिवा नाहीं तर गाणें नाहीं. ओरगडमचा पोर येतोच आहे, त्यास दाखव ही वायर." मी तो सेट उपटून फेकणारच होतो. स्क्रू फार घट्ट बसवलेत म्हणून वाचला.

तेव्हापासून जेवण जात नाही, झोप लागत नाही, वर पावलं वाजली की उठून बसतो. असो. काकूंना नमस्कार.

तुमचा बेचैन पुतण्या,
क्षितिज

ता. क. तुम्ही आणि बाबांनी एकाच दसऱ्याला एकाच मॉडेलची गाडी घेतलीत, आणि गेल्या दिवाळीत तुम्ही तुमच्या गाडीत सीडी बसवलीत. तुमचा मूळ टेप काकूंनी माळ्यावर जपून ठेवला असणार. आमचा दुकानदाराने विकून टाकला. तुमचा तेवढा शुक्रवारच्या आत कुरिअरने पाठवा. बाबांना कळता कामा नये.

आणखी एक ता. क. टेप पाठवू नका. पाकीट चिकटवत होतो तोच दिवेलागणीला अप्पा खाली आले, मागे चंद्रिका. "आतां अंधार पडला. आतां दिवा लाव, कोण हात दाखवितो पाहूं." बेसंट नगरच्या समुद्रापर्यंत गेलो. गाणं शेवटपर्यंत वाजलं. अप्पांनी पुन्हा लाव म्हणून नुसतं बोट फिरवलं. दुसऱ्यांदा संपल्यावर चंद्रिकेने मागून हळूच काहीतरी सांगितलं. अप्पा म्हणाले, "बरें. ओरगडमास कळवितों." माझ्याबद्दल एकच वाक्य, उतरताना: "उद्यांही ह्याच वेळेस ये. ती वायर कोणास दाखवूं नको."

तेव्हा सेट आता हलत नाही. तुम्ही फक्त बाबांना फोन करा आणि तुमच्या नाशिककडे हल्ली सगळेच दिवे लावून गाणी ऐकतात, असं सांगा. तुमचं ते ऐकतात.